स्वतःच्या व कुटुंबाच्या उपभोगासाठी

‘अलॉटमेंट’ हा शब्द मराठी कानावर पडला की म्हाडाची सोडत, सिडकोचे पत्र किंवा गृहनिर्माण संस्थेतील पार्किंगचा वाद यांपैकी काहीतरी डोळ्यांसमोर उभे राहते. ब्रिटनमध्ये मात्र नगरपालिकेने किंवा तत्सम स्थानिक संस्थेने भाजीपाला पिकवण्यासाठी माफक वार्षिक भाड्याने दिलेल्या जमिनीच्या तुकड्याला हे नाव आहे. मराठीतील ‘परसबाग’ हा शब्द त्याला जवळचा वाटतो, परंतु परसबागेला आधी परसदार लागते आणि परसदाराला घर लागते, तर अलॉटमेंटधारक पुष्कळदा तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याचा तुकडा मैलभर दूर, रेल्वेमार्गाच्या कडेला किंवा दफनभूमीच्या मागे असतो. १९२२ च्या कायद्याने या तुकड्याची जी व्याख्या केली आहे तिचा आशय असा की, त्याचे क्षेत्र ४० पोलांपेक्षा अधिक नसावे आणि धारकाने तो पूर्णतः किंवा मुख्यत्वे स्वतःच्या व कुटुंबाच्या उपभोगासाठी भाज्या व फळे पिकवण्याकरिता कसावा. या व्याख्येत ‘उपभोग’ या शब्दावर जो निःशंक विश्वास टाकलेला दिसतो, तो पाहता मसुदा लिहिणाऱ्यांपैकी एकाच्याही ताब्यात असा तुकडा नसावा, असे अनुमान काढण्यास जागा आहे.

पोल हे लांबीचे जुने इंग्रजी माप असून त्यालाच रॉड आणि पर्च अशीही नावे आहेत. साडेसोळा फुटांच्या एकाच काठीला तीन नावे देऊन या समाजाचे समाधान झाले नाही, म्हणून त्याने हेच माप क्षेत्रफळासाठीही वापरले, आणि आजही पूर्ण आकाराचा तुकडा दहा पोलांचा, म्हणजे सुमारे २५३ चौरस मीटरांचा, मानला जातो. मराठी वाचकाने या आकड्याला बुजण्याचे कारण नाही, कारण गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, आणि ३३ ही साडेसोळाची बरोबर दुप्पट असल्यामुळे एका गुंठ्यात चार चौरस पोल मावतात. अर्थात दहा पोलांचा तुकडा म्हणजे नेमके अडीच गुंठे. मोजमापातील साम्य येथे संपते. पुण्याच्या परिघावर ज्याच्या नावे असे अडीच गुंठे होते आणि ज्याने ते वेळेवर बिल्डरला दिले, त्याला लोक ‘गुंठामंत्री’ म्हणतात व त्याच्या गळ्यातील साखळीची जाडी नजरेने मोजतात. तेवढेच क्षेत्र ताब्यात असलेला लंडनकर मात्र रविवारी सकाळी रिमझिम पावसात, गुडघ्यांखाली रबरी उशी घेऊन, कांद्याच्या रोपांमधले गवत उपटत असतो, कारण हा तुकडा त्याला विकता येत नाही, पोटभाड्याने देता येत नाही आणि दुर्लक्षित ठेवला तर तुकड्यांच्या व्यवस्थापन समितीची नोटीस येते.

या व्यवस्थेचे मूळ गावाच्या सामायिक जमिनींना कुंपण घालण्याच्या प्रक्रियेत आहे. आपल्याकडील गायरानासारख्या ज्या जमिनींवर गरिबांची गाय चरत असे आणि सरपण मिळत असे, त्या जमिनी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत एकामागून एक कायदे करून खासगी मालकीच्या करण्यात आल्या, आणि १८४५ च्या कायद्याने, बहुधा किंचित अपराधी भावनेपोटी, अशा वाटपात श्रमिक गरिबांसाठी काही क्षेत्र राखून ठेवण्याची सोय केली. पुढे १८८७ आणि १९०८ च्या कायद्यांनी मागणी असेल तेथे तुकडे उपलब्ध करून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले. तुकडा लहानच असावा याकडे जमीनदार व मोठे शेतकरी डोळ्यांत तेल घालून पाहत, कारण मजुराने आपली ताकद मालकाच्या शेतासाठी न वापरता स्वतःच्या बटाट्यांसाठी राखून ठेवली तर काय, ही त्यांची रास्त चिंता होती. धर्मोपदेशक व परोपकारी मंडळी यांचा हेतू वेगळा होता: संध्याकाळी फावडे हातात असलेला माणूस बिअरच्या गुत्त्यात जाणार नाही, अशी त्यांची धारणा होती, आणि म्हणून कित्येक ठिकाणच्या नियमांत रविवारी काम करण्यास मनाई व चर्चमध्ये हजेरीची अपेक्षा असे. बिअरविषयीचा हा मुद्दा लक्षात ठेवावा. तो पुढे गोगलगायींच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात आयात धान्याची जहाजे बुडू लागली तेव्हा सरकारने ‘विजयासाठी खणा’ अशी हाक दिली, टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात भाज्यांचे वाफे तयार झाले, हाइड पार्कात कोबी दिसू लागला आणि तुकड्यांची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली. युद्ध संपल्यावर खणण्याचा उत्साहही ओसरला, आणि १९६९ मध्ये प्राध्यापक हॅरी थॉर्प यांच्या समितीने दिलेल्या विस्तृत अहवालात अशी शिफारस करण्यात आली की, ‘अलॉटमेंट’ या नावाला गरिबीचा वास येतो, तेव्हा यापुढे त्यांना ‘विरंगुळ्याच्या बागा’ म्हणावे. नाव बदलले नाही. विरंगुळा कशाला म्हणावा, याविषयी समितीचा आणि चिखलात उभ्या असलेल्या धारकांचा मतभेद असावा.

आज परिस्थिती पालटली असून अनेक शहरांत तुकड्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागते, त्यामुळे नाव लागते तेव्हा उमेदवाराची कंबर पूर्वीची राहिलेली नसते. त्याच्या हाती जो तुकडा येतो तो आधीच्या धारकाने सोडण्यापूर्वी किमान दोन हंगाम मनाने सोडलेला असतो, आणि त्यामुळे तेथे पहिले पीक कोणाचे, हा प्रश्न निकालात निघालेला असतो. चांदवेल, जिला आपल्याकडचे शेतकरीही चांगले ओळखतात, ती जमिनीत कित्येक फूट खोल मुळे घालून बसलेली असते, आणि ती मुळे कुदळीने तोडली असता प्रत्येक तुकड्यातून स्वतंत्र वेल उगवत असल्यामुळे, मेहनती धारकाच्या तुकड्यावर ती आळशी धारकापेक्षा अधिक फोफावते. तिच्या जोडीला काउच ग्रास नावाचे गवत असते, ज्याची पांढरी, टोकदार भूमिगत खोडे बटाट्याच्याही आरपार जातात. मराठीत वंशवृद्धीचा आशीर्वाद देताना ज्या हरळीच्या मुळीची उपमा देतात तिचाच हा विलायती भाऊबंद म्हणावा; फरक एवढाच की आपली हरळी म्हणजेच दूर्वा, आणि ती निदान गणपतीला वाहता येते. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ ची असून तेथील मराठी माणसाला गणेशोत्सव नवा नाही, परंतु भाद्रपदात दूर्वांसाठी वणवण करणाऱ्या मराठी अलॉटमेंटधारकाच्या स्वतःच्या जमिनीत अडीच गुंठे गवत असते आणि त्यातील एक काडीही देवाला चालत नाही, हे दुःख इतिहासात नोंदले गेलेले नाही.

वर्षाचा आरंभ जानेवारीत, घरातच, बियाण्यांच्या सूचिपत्रावर होतो आणि हा वर्षातील एकमेव महिना असा की ज्यात एकही पीक वाया जात नाही. फेब्रुवारीत बियाण्याचे बटाटे अंड्यांच्या रिकाम्या खोक्यांत, डोळे वर करून, खिडकीत मांडले जातात. यामुळे कोंब आधीच फुटतात, आणि घरातील इतरांना पाहुण्यांसमोर खिडकीचा खुलासा करावा लागतो. हे बटाटे गुड फ्रायडेला लावावेत असा जुना संकेत आहे. गुड फ्रायडेची तारीख चंद्रावर ठरते व ती मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत कोठेही पडू शकते, त्यामुळे जमिनीच्या उबेशी तिचा काडीचाही संबंध नाही; अर्थात मृग नक्षत्राच्या भरवशावर पेरणी करणाऱ्या आणि पावसाने दगा दिल्यावर पुन्हा पेरणाऱ्या समाजाला यावर हसण्याचा अधिकार मर्यादितच आहे. मे महिन्यात ऊन पडते, टोमॅटोची रोपे बाहेर लावली जातात, आणि त्यानंतर हंगामातील शेवटचे हिमदव, ज्याला शेतकरी कडाक्याचे दव म्हणेल, ते नेमके त्या रात्री पडते. रात्री अकरा वाजता जुन्या चादरी व पडदे घेऊन सायकलवरून निघालेला सभ्य गृहस्थ पोलिसांच्या दृष्टीस पडला तर त्याने काय सांगावे, याबाबत कोणत्याही कायद्यात मार्गदर्शन नाही.

जूनमध्ये उपभोगास प्रत्यक्ष सुरुवात होते. तथापि ती धारकाकडून होत नाही. ब्रिटनच्या ओलसर हवेत शंखधारी गोगलगायींपेक्षाही बिनशंखाच्या गोगलगायी अधिक उपद्रवी ठरतात, आणि या प्राण्यांविषयी इंग्रजांनी कितीही संशोधन केले असले तरी त्याचे सार मराठीने फार पूर्वी चार शब्दांत सांगून ठेवले आहे. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण वरून गरीब दिसणाऱ्या कावेबाज माणसाला उद्देशून असली तरी ती प्राणिशास्त्रदृष्ट्याही काटेकोर आहे, कारण या प्राण्यांच्या वर्गाला शास्त्रात ‘उदरपाद’, म्हणजे पोट हेच पाऊल असलेले, असे म्हणतात. या पोटाच्या पुढच्या टोकाला मुखात एक किसणीसारखी पट्टी असून तिच्यावर हजारो सूक्ष्म दात असतात, आणि त्यांच्या साहाय्याने हा प्राणी फ्रेंच घेवड्याचे कोवळे रोप रात्रीतून असे खातो की, सकाळी मातीत खोचलेली नावाची पाटी तेवढी शिल्लक राहते. पाटीवर जातीचे नाव, पेरणीची तारीख आणि एक चकचकीत चिकट रेघ असते.

यावरील उपायांचा इतिहास म्हणजे मानवी बुद्धीच्या माघारीचा इतिहास होय. मेटाल्डिहाइड नावाच्या रसायनाच्या निळ्या गोळ्या पूर्वी सर्रास टाकल्या जात, परंतु पक्षी व इतर प्राणी यांना त्या घातक असल्यामुळे २०२२ च्या वसंतापासून ग्रेट ब्रिटनमध्ये बाहेरच्या जमिनीवर त्यांच्या वापरास बंदी आहे. त्याशिवाय सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे जंत, पाकिटात भरून विकले जातात. ते पाण्यात कालवून जमिनीवर शिंपडले की गोगलगायींच्या शरीरात शिरून त्यांना मारतात, मात्र वापरेपर्यंत पाकीट फ्रिजमध्ये ठेवावे लागते, आणि लोण्याशेजारी कोट्यवधी जिवंत जंत ठेवण्याच्या प्रश्नावर जितकी मतभिन्नता एखाद्या कुटुंबात निर्माण होते तितकी निवडणुकीतही होत नाही. काही दयाळू धारक रात्री डोक्याला विजेरी बांधून गोगलगायी वेचतात आणि कुंपणापलीकडे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोबीत, सोडून देतात. या पद्धतीची तपासणी डेव्हनमधील एका आजीबाईंनी शंखांवर नखांच्या रंगाने खुणा करून केली व २०१० मध्ये बीबीसीच्या हौशी शास्त्रज्ञांच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. त्यांचा निष्कर्ष असा की गोगलगायींना घर कळते व त्या परत येतात. शेजारीही दयाळू असेल, तर दोन्ही तुकड्यांवरील गोगलगायींची संख्या स्थिर राहते आणि त्यांना व्यायाम घडतो.

जुना व आजही टिकून असलेला उपाय बिअरचा आहे. दह्याचा रिकामा डबा, काठ मातीच्या किंचित वर राहील अशा बेताने पुरावा, म्हणजे गोगलगायींना खाणारे उपयुक्त भुंगेरे त्यात पडत नाहीत, आणि तो निम्मा बिअरने भरावा. यीस्टच्या वासाने गोगलगायी येतात, पितात आणि बुडतात. पहाटे हा डबा ओतून टाकण्याच्या कामाचे वर्णन येथे टाळणेच बरे. ज्या श्रमिकाने बिअर पिऊ नये म्हणून त्याला जमीन दिली गेली, त्याचा वारस आता बिअर विकत घेतो ती त्या जमिनीवरील गोगलगायींना पाजण्यासाठी. परोपकारी मंडळींचा हेतू अशा रीतीने सफल झाला, एवढेच इतिहासकाराला म्हणता येईल. (डब्यात निम्मीच बिअर का भरतात आणि उरलेल्या निम्म्या बाटलीचे काय होते, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.)

कबुतरांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. इंग्लंडमधील रानकबुतर आपल्या कबुतरखान्यातील कबुतराच्या मानाने थोराड असते, कोबीच्या पानांच्या फक्त शिरा ठेवते आणि बुजगावण्याच्या खांद्यावर बसून जेवणानंतरची विश्रांती घेते.

याहून गंभीर संकट म्हणजे करपा. ‘फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स’ या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे बटाटा व टोमॅटो यांवर येणारा हा रोग १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये पोहोचला आणि त्यातून जो दुष्काळ उद्भवला तो विनोदाचा विषय नाही. आजच्या अलॉटमेंटधारकाचे त्यावर पोट अवलंबून नसते, म्हणूनच तो आकाशाकडे पाहून शास्त्रीय भाषा बोलू शकतो: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली गेले नाही आणि प्रत्येक दिवशी किमान सहा तास हवेतील आर्द्रता ९० टक्के किंवा त्याहून अधिक राहिली, तर करप्याचा धोका आहे असे समजावे, या कसोटीला ‘हटन निकष’ म्हणतात व तिची पूर्तता झाल्याचे इशारे इच्छुकांना पाठवले जातात. कोकणात हा निकष लावला तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकच अखंड इशारा द्यावा लागेल. इशारा मिळाल्यावर करता येण्यासारखे फारसे काही नसते, कारण हौशी बागायतदाराला परिणामकारक औषधे उपलब्ध नाहीत. त्यामुळे तो इशारा वाचतो, शेजाऱ्याला दाखवतो, आणि दोघे मिळून शनिवारी बटाट्याचे काळे पडलेले पाले कापतात.

शेजारी ही या व्यवस्थेतील मान्यताप्राप्त संस्था आहे. अशा तुकड्यांच्या प्रत्येक वसाहतीत एक असा ज्येष्ठ धारक असतो की ज्याचे कांदे सैनिकांसारखे रांगेत उभे असतात आणि जो नवागताच्या वाफ्याजवळ थांबून, दोन्ही हात पाठीमागे बांधून, हे काम गेल्या ऑक्टोबरमध्येच करायला हवे होते, असे सांगतो. कोणतेही काम असो, त्याची योग्य वेळ गेलीच असते. त्याच्या वर समिती असते, आणि गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत बसण्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांना तिची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. पार्किंगच्या जागी पाण्याची टाकी आणि गळतीच्या जागी शेजाऱ्याच्या शेडची उंची ठेवली की विषयपत्रिका तयार होते. १९५० च्या कायद्याने धारकाला कोंबड्या व ससे पाळण्याची मुभा दिली, परंतु कोंबडा मात्र त्यात बसत नाही, आणि एखाद्या नवख्या धारकाने घेतलेल्या सहा पिलांपैकी एक मोठेपणी आरवू लागले की समितीच्या बैठकीत जे घडते ते मराठी वाचकाने आपल्या अनुभवावरून पूर्ण करावे.

मराठी कुटुंबे अशा तुकड्यांवर प्रथम मेथी व कोथिंबीर पेरतात. मेथी समाधानकारक येते. कोथिंबिरीची अडचण अशी की इंग्लंडच्या जूनमध्ये सोळा तासांहून अधिक काळ दिवस असतो, आणि दीर्घ प्रकाशाने तिला आपले आयुष्य संपत आल्याचा भास होऊन ती पाने धरण्याऐवजी थेट फुलोऱ्यावर येते. त्यामुळे कोथिंबीर वडीच्या अपेक्षेने पेरलेल्या वाफ्यातून सप्टेंबरात वाटीभर धणे निघतात. ते धणे भारतीय दुकानात मिळतात त्याहून कितीतरी सुगंधी असतात, असे घरात एकमताने ठरवले जाते.

या सर्वांतून जे वाचते त्यात झुकिनीचा क्रमांक पहिला. हिला इंग्लंडमध्ये कूर्जेट म्हणतात. ही भोपळ्याच्या कुळातील असून एका कुटुंबाला दोन वेल पुरतात, परंतु बियांच्या पाकिटात दहा बिया असतात आणि गोगलगायींच्या हिशेबाने दहाही पेरल्या जातात. त्या वर्षी गोगलगायी कोठेतरी अन्यत्र गेलेल्या असतात. शुक्रवारी बोटाएवढे असलेले फळ रविवारी मनगटाएवढे होते, आणि धारक पंधरा दिवस सुटीवर गेला तर परतल्यावर त्याला पानांखाली तान्ह्या बाळाच्या आकाराची, हिरवी, निर्विकार फळे पहुडलेली आढळतात. इंग्रज गृहिणी त्यांचे सूप, केक आणि चटणी करते. मराठी गृहिणी दुधीच्या पाककृतींवर भिस्त ठेवून कोफ्ते, थालीपीठ, भरीत असा क्रम लावते, आणि तिसऱ्या आठवड्यात मुले ताटातील हिरव्या कणांविषयी कायद्याच्या भाषेत प्रश्न विचारू लागतात. स्वतःच्या व कुटुंबाच्या उपभोगाची मर्यादा येथे गाठली जाते. आपल्याकडे शेवगा किंवा अळू वाड्यात वाटून संपत असे, कारण ते सर्वांकडे नसे. अलॉटमेंटवर मात्र ऑगस्टमध्ये प्रत्येकाकडे झुकिनीच असते, त्यामुळे कार्यालयातील सहकारी, टपालवाला आणि बेसावधपणे गाडीची काच उघडी ठेवणारे सर्व जण संपल्यावर उरते ते फाटकाजवळचे लाकडी खोके. त्यावर ‘कृपया घेऊन जा’ असे लिहिलेले असते. सकाळी त्यात सात झुकिनी असतात, आणि संध्याकाळी कुलूप लावताना चिटणीस मोजतात तेव्हा अकरा.